कुठे आणि कधी, ते विचारू नका

हवालदारीणबाई,

तुझ्यावर चार शब्द लिहून द्या, असं सैनिक कल्याण कक्षाच्या नव्या साहेबांनी मला सांगितलं. चार म्हणजे किती, विचारलं तर म्हणाले, "एक पान, मॅडम. आणि एक फोटो." मी म्हटलं, फोटो मिळायचा नाही, कॅमेरा दिसला की ती बाई हात धुवायला निघून जायची. आणि एका पानात ती मावायची नाही. शेवटी साहेबांचं पान साहेबांना देऊन टाकलं. त्यात सेवाभावी, मनमिळाऊ, सगळं आहे. वाचून तुला ठसका लागला असता. हे मात्र वेगळं लिहिते आहे. तू जाऊन चार महिने झाले, तरी तुझ्याशी बोलायची खोड जात नाही, म्हणून तुलाच सांगते. बाकीच्यांनी ऐकायचं तर ऐकावं.

त्या बाकीच्यांसाठी पहिली गोष्ट ही की तू हवालदारीण नव्हतीसच. तुझा नवरा सैन्यात ट्रक चालवायचा, साधा नाईक होता, आणि नाईक असतानाच डोंगरातल्या एका वळणावर गाडीसकट खाली गेला. बढती तुला लोकांनी दिली, तुझ्या चालण्यावरून. तू कधी नाकारली नाहीस. "मेल्यावर तरी मिळू दे त्यांना," म्हणालीस.

आपली खोली कौटुंबिक न्यायालयाच्या तळमजल्यावर, मागच्या जिन्याच्या पोटात. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, आणि एका बाजूला इतकं उतरतं छत की नवीन माणूस हमखास डोकं आपटायचा. डोक्यावरून दिवसभर पावलं जायची. तू मान वर न करता सांगायचीस, "हा वकील. ही नवीन आहे, थांबत थांबत चढतेय. हे मूल आहे, ओढत नेतायत." मी कॉलेजात तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली, कायद्याची पदवी नुसती भिंतीवर टांगलेली, घरी बसून कंटाळले म्हणून इथे यायला लागले. कामाची वाटणी पहिल्याच आठवड्यात झाली. सैनिकाच्या घरातलं मूल कुणाकडे राहायचं, हा वाद कोर्टात आला की कागद मी बघायचे आणि माणसं तू. तारीख पडते तेव्हा सैनिक असतो चौकीवर, रजा मिळत नाही, आणि समोरचा वकील म्हणतो, बघा, मुलासाठी साधं येतासुद्धा येत नाही. मग तुकडीला पत्र, मुदतीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, हे माझं. आणि बाकावर बसून ज्या बाईचे पाय लटपटतायत तिच्या शेजारी बसणं, हे तुझं.

तुझे तीन नियम ठरलेले. "आधी बाथरूमला जाऊन या. समोरच्याच्या तोंडाकडे बघू नका. विचारलं तेवढंच सांगा, घरातलं सगळं ओतू नका." तू हे इतक्या ठसक्यात सांगायचीस की समोरच्याला वाटायचं, ही बाई कुणाच्या बापाला भीत नाही. खरं काय ते मला माहीत होतं. रोज पावणेअकराला, पुकारे सुरू व्हायच्या आधी, तू नळाखाली हात धरून उभी राहायचीस, मनगटं लाल होईपर्यंत. समोरच्या मोठ्या दारातून अकरा वर्षांत एकदाही आत आली नाहीस. मागच्या बाजूला कचऱ्याचे डबे आहेत, तिथून यायचीस. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, तुला कसली भीती? तुझी का केस आहे?"

"शिपाई पुकारा करायला लागला की वाटतं, आता माझंच नाव घेणार."

मी हसले. तूही हसलीस. मी पुढे विचारलं नाही. विचारणं हा माझा धंदा होता आणि तुलाच तेवढं विचारलं नाही, काय म्हणायचं याला?

आता सिग्नलवालीचं सांगते, कारण तुझं सगळं तिथेच येऊन ठेपलं.

सिग्नलवाली म्हणजे सैन्यात बिनतारी संदेशाचं काम करणारी ती उंच मुलगी. घटस्फोट झालेला, सात वर्षांची एक मुलगी पदरात. तिची बदली पार पुढच्या चौकीवर झाली तेव्हा मुलीला तिने आपल्या थोरल्या बहिणीकडे ठेवलं. ही बहीण कपडे शिवायची. त्या घरी मशीनच्या पायट्याशीच पोरीचं दप्तर असायचं. मुलीच्या बापाने अर्ज केला: आई मुलीला टाकून गेली आहे, मुलगी परक्याच्या घरी वाढते आहे, ताबा मला द्या. बाप शीतगृहात यंत्रं सांभाळायचा आणि त्याला दूरच्या बंदरावर नवीन नोकरी लागली होती, आगगाडीने दोन दिवस लागतील इतकं लांब. ताबा मिळाला की तो मुलीला घेऊन जाणार, हे त्याने लपवलंही नव्हतं. तू म्हणायचीस, माणूस वाईट नाही. मला तो आवडला नाही. सारखं घड्याळ बघायचा.

आपली बाजू भक्कम होती. आई महिन्यातून दोन-तीनदा फोन करायची, रजेवर यायची, शाळेत पोरीचं नाव चांगलं. मी निर्धास्त होते. मग कोर्टाच्या समुपदेशक बाईने मुलीची मुलाखत घेतली, एकटीची, बंद खोलीत, नियमाप्रमाणे. अहवाल आला. मी तो तुला मोठ्याने वाचून दाखवला.

"आई कुठे असते, असे विचारता बालिका उत्तर देत नाही. आई कधी फोन करते, कधी भेटते, असे विचारता 'सांगायचं नाही' असे म्हणते. कोणी सांगितले, असे विचारता रडू लागते. बालिका दडपणाखाली दिसते. आईशी संपर्क असल्याचे आढळत नाही."

तू खुर्चीत होतीस ती उठलीस, आणि ज्या छताची तुला अकरा वर्षांची सवय त्या छतावर तुझं डोकं आपटलं.

"मी सांगितलं होतं," तू म्हणालीस.

"काय?"

"मीच. तिच्या मावशीला. पहिल्या दिवशी, ह्याच बाकावर. पोरगी शेजारी बसलेली होती."

मला कळेना. मग तू समजावलंस, लहान मुलाला समजावतात तसं. सैन्यातल्या घरांत पोराला चालता येण्याआधी एक गोष्ट शिकवतात: आपलं माणूस कुठे आहे आणि कधी येणार, हे बाहेरच्याला सांगायचं नाही. दूधवाल्याला नाही, शाळेतल्या बाईंना नाही, फोनवर गोड बोलणाऱ्या काकांना तर नाहीच. क्वार्टर्समध्ये मुलं हे एकमेकांना विचारून विचारून पक्कं करतात, त्याचा खेळ असतो. सिग्नलवालीने शिकवलंच असणार. वर तू, जुनी सवय म्हणून, मावशीला बजावलंस, आणि कोर्टाच्या बाकावर बसून बजावलंस. मग त्या पोरीने कोर्टातल्या बाईला काय सांगावं? तिने नियम पाळला. समुपदेशक बाईने दोनच प्रश्न विचारले, कुठे आणि कधी, आणि नेमकं तेच दोन सांगायचं नसतं.

"मग सोपं आहे," मी म्हटलं. "मुलीला सांगू, बाळ, ह्या बाईला सांगितलं तर चालतं. पुन्हा मुलाखत मागू."

"आणि तिने तिथे म्हटलं, हवालदारीण आजीने सांगितलं की आता बोल, तर?"

पढवलेलं मूल म्हणून एक शेरा पडला की खेळ खलास, हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळायला हवं होतं. म्हणजे पोरीचं तोंड उघडायचं तर तिच्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. पुढची तारीख नऊ दिवसांवर. बापाच्या वकिलाने अर्जही टाकला, त्या दिवशीच ताबा द्या म्हणून. तो वकील वाईट प्रश्न विचारायच्या आधी खोकायचा. आपण त्याला खोकलेवकील म्हणायचो. अर्ज देताना तो दोनदा खोकला.

तेवढ्यात तिकडची, चौकीवरच्या फोनची लाइन बंद झाली.

हे तू मला सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, असेल बिघाड. नंतर मला उलगडलं. अख्ख्या चौकीचे फोन एकदम बंद करतात ते दोनच कारणांनी. एक तर माणसं हलवतायत. नाहीतर कुणाचं तरी काही बरंवाईट झालंय, आणि त्याच्या घरी माणूस पोचेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या तोंडून बातमी फुटू नये. त्या घरांतल्या बायकांना हे ठाऊक असतं. लाइन बंद झाली की त्या दाराची कडी वाजायची वाट बघतात, आणि वाजू नये म्हणूनही बसतात.

मावशी रोज येऊन बसायची. "आली का हो लाइन?"

"माणसं हलवत असतील," तू म्हणायचीस. "माझ्या वेळी तर बावीस दिवस बंद होती." बावीस दिवसांनी काय झालं ते तू तिला सांगायची नाहीस.

चौथ्या दिवशी मावशी म्हणाली, "काल कुणीतरी कडी वाजवली. मी उघडलंच नाही. पोरीला मशीनखाली घेऊन बसले."

"कोण होतं?"

"नंतर कळलं, मीटर बघणारा. ब्लाउजाचं माप घ्यायला येणाऱ्या बायकापण परत चालल्यात. काय करू?"

"उघडायचं," तू म्हणालीस. "न उघडल्याने काही टळत नाही." आणि उठून नळावर गेलीस. परत आलीस तेव्हा बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.

तुकडीला मी तीन पत्रं पाठवली. उत्तर एकच: संबंधित कर्मचारी कर्तव्यावर आहे. यावरून माणूस जिवंत आहे की नाही ते कळत नाही. सरकारी मराठीत मेलेला माणूससुद्धा बराच काळ कर्तव्यावर असतो, असं तूच म्हणालीस. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

सहाव्या दिवशी मार्ग तुलाच सुचला. आपली वकीलबाई आठ महिन्यांची गरोदर, टेबलाशी नीट बसताही येत नव्हतं तिला. तिला तू म्हणालीस, "पोरीला काही सांगायचं नाही ना? नका सांगू. समुपदेशक बाईला सांगा. उघड, कोर्टात, त्या खोकल्यासमोर. म्हणावं, कुठे आणि कधी, ते विचारू नका. काय, ते विचारा. आई काय म्हणते. आईला काय दाखवायचंय. ते सांगू नको असं कुणी कधी शिकवत नाही."

वकीलबाईने वही पुढे ओढली. "हे कुठे लिहिलेलं आहे?"

"कुठेच नाही. लिहिलं तर नियम कसला?"

तारखेच्या दिवशी लाइन बंदच होती. नववा दिवस. न्यायदालन तिसऱ्या मजल्यावर. आपण मागच्या जिन्याने चढलो. दर वळणावर तू कठडा पकडून थांबलीस आणि मी गुडघ्याचं निमित्त करून तुझ्याबरोबर थांबले. बाहेरच्या बाकावर मावशी आणि मुलगी. मुलीच्या मांडीवर दप्तर, दोन्ही हातांनी आवळलेलं. समोर बाप. त्याच्या पायाशी एक नवीकोरी छोटी बॅग, गुलाबी, चाकांची. मुलीचे कपडे न्यायला आणलेली. मावशी दुसऱ्या कशाकडे बघतच नव्हती.

"समोर बघू नका म्हटलं ना," तू तिला म्हणालीस. पण तूही बॅगेकडेच बघत होतीस.

पुकारा झाला. वकीलबाईने उभं राहून सगळं सांगितलं, व्यवस्थित सांगितलं. मग खोकलेवकील खोकला. "मॅडम, ही फार सोयीची कथा आहे. मूल बोललं नाही, तर म्हणे प्रश्न चुकले! असा नियम आहे याला पुरावा काय? ज्या बाई हे सगळं पढवतायत त्या मागे बसल्या आहेत. त्यांना शपथेवर बोलू द्या."

जजबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण त्या? या पुढे."

मी तुझ्या शेजारी होते. तुझं नाव, खरं नाव, शिपायाने मोठ्याने घेतलं. अकरा वर्षं ज्याची धास्ती होती ते शेवटी झालं. तू माझ्या हातावर हात ठेवलास, बर्फासारखा गार. मी तुला धरून ठेवायला हवं होतं की पुढे ढकलायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तू आपली आपणच गेलीस.

साक्षीच्या कठड्यात तू इतकी बारीक दिसलीस! शपथ घेताना तू दोनदा चुकलीस, शिपायाने पेलाभर पाणी दिलं. जजबाई म्हणाल्या, "सावकाश. तुम्हाला हे कसं माहीत?"

"मी सैनिकाची बायको आहे. होते."

खोकला. "म्हणजे ऐकीव माहिती. असं उत्तर एखाद्या मुलाने प्रत्यक्ष कोर्टात दिलेलं तुम्ही पाहिलंय का कधी?"

त्याला वाटलं, आता ही अडकली. तू पाण्याचा पेला कठड्यावर ठेवलास. पंखा कुरकुरत होता. मला वाटलं, तू खाली पडणार.

"माझ्या मुलाने दिलंय," तू म्हणालीस. "ह्याच इमारतीत."

तुला मुलगा आहे हे मला माहीत होतं. लांब राहतो, फोनवर "हो, नाही, ठेवतो" एवढंच बोलतो, हेही. यापलीकडचं मी त्या दिवशी ऐकलं, सगळ्या दालनाबरोबर. नवरा गेला तेव्हा मुलगा साडेपाच वर्षांचा. तुझ्या सासऱ्यांनी नातवाचा ताबा मागितला. तेव्हा समुपदेशक वगैरे नव्हते. एक अधिकारी होता, त्याने मुलाला टेबलावर बसवून विचारलं, बाबा कुठे आहेत? सांगायचं नाही. कधी येणार? सांगायचं नाही. अधिकाऱ्याने लिहिलं: वडील मरण पावल्याचे आईने मुलापासून लपवले आहे, मुलाला खोटे बोलण्यास शिकवले आहे.

"त्याला माहीत होतं हो," तू जजबाईंना म्हणालीस. "अग्नी त्यानेच दिला होता. पण बाबांनी सांगितलं होतं ना, सांगायचं नाही म्हणून. बाबा नाहीत म्हणून नियम थोडाच जातो? साडेपाच वर्षांचं पोर ते."

"मग काय झालं?"

"नेलं. पुढच्या दारातून. चौदा वर्षांचा होऊन आला तेव्हा मला अहो म्हणाला."

खोकलेवकील खोकला नाही. खाली बसला.

जजबाईंनी थोडा वेळ काहीतरी लिहिलं. मग समुपदेशक बाईला बोलावलं आणि म्हणाल्या, "आत्ता, लगेच. कुठे आणि कधी सोडून विचारा."

पुढची पन्नास मिनिटं मला कधी विसरता यायची नाहीत. बंद दाराला वरती एक काच होती, दुधी, त्यातून नुसती हालचाल दिसायची. मावशी पदर तोंडात धरून. बाप घड्याळ बघत नव्हता, प्रथमच. तू भिंतीला टेकून उभी, बसायला तयारच नाही. दहा मिनिटं झाली तेव्हा मी म्हटलं, "वेळ लागतोय म्हणजे बरं लक्षण."

"माझ्या पोराची दोन मिनिटांत झाली होती," तू म्हणालीस. "बोलू नका आता."

दार उघडलं. समुपदेशक बाईचे डोळे लाल, हातात आगपेटी. तिने विचारलं होतं, आईला दाखवायला तू काय ठेवलंयस? आणि मुलीने दप्तर उघडून ही आगपेटी काढली होती. आत पडलेले दुधाचे तीन दात, एकेक कागदात गुंडाळलेला. आई फोनवर पहिला प्रश्न दाताचाच विचारायची. कुठला हलतोय, किती हलतोय, जीभ लावून सांग. मग पोरीने सगळंच सांगितलं: आई कविता अर्धी म्हणते आणि उरलेली हिने म्हणायची, आई चिडली की इंग्रजीत बोलते, आईला गणित येत नाही आणि हे मात्र गुपित आहे. पन्नास मिनिटं. थांबेचना. शेवटी म्हणे समुपदेशक बाईला विचारलं, "तुम्ही कुठे-कधी का नाही विचारलंत आज? कळलं ना तुम्हाला, विचारायचं नसतं ते?"

हुकूम दुपारी झाला. आई रजेवर येईपर्यंत मुलगी मावशीकडेच. बापाला महिन्यातून दोन शनिवार, कोर्टाच्या बालकक्षात. परवानगीशिवाय मुलीला शहराबाहेर न्यायचं नाही.

मावशीला रडू आवरेना. तुला मात्र रडू नाही की हसू नाही. जिन्याशी बापाने आपल्याला गाठलं, बॅग हातात. मला वाटलं, आता हा काहीतरी करणार. तो तुला म्हणाला, "ती आईशी एवढं बोलते, हे मला खरंच माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही बाहेरचे झाला होतात," तू म्हणालीस. "आम्ही बाहेरच्याला सांगत नाही." मग थोडं थांबून, "शनिवारी दातांचं विचारा तिला."

तेव्हाही लाइन बंदच होती, हे विसरू नका कुणी. कोर्टात जिंकून मावशी घरी गेली ती पुन्हा दाराकडे कान लावून बसायलाच. आणखी अकरा दिवस. तू रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायचीस, काजं करायला मदत म्हणून. तुला काज धड येत नव्हतं. विसाव्या दिवशी शाळेला निघायच्या वेळेला फोन वाजला आणि मुलगी आधी हॅलो न म्हणता म्हणाली, "चौथापण पडला." माणसं हलवली होती. खरंच नुसती हलवली होती. तू हे मला सांगायला आलीस ती पुढच्या मोठ्या दारातून आलीस. घाईत तुझ्या लक्षातही आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी तू माझ्या टेबलासमोर बसलीस, अशिलासारखी.

"अहो बाई, एक अर्ज लिहून द्या. माझा."

जुन्या निकालाची नक्कल हवी होती तुला. त्या अधिकाऱ्याच्या शेऱ्यासकट. तुझ्या सासरच्यांनी मुलाला सांगितलं होतं की आईनेच कोर्टात लिहून दिलं, मला मूल सांभाळणं जमणार नाही. तो अजून तेच धरून आहे. नक्कल दाखवली तर खोटं उघडं पडेल.

"मग इतकी वर्षं का नाही काढलीस?" मी विचारलं. शेवटी विचारलं एकदाचं.

"त्यात त्याची उत्तरं आहेत ना. वाचून त्याला कळेल, आपण बोललो नाही म्हणून आईपासून तुटलो. ते कसं दाखवू पोराला?" तू कोरा कागद माझ्याकडे सरकवलास. "माझ्यावर रागावलेला बरा, असं म्हणत राहिले. पण परवा ती पोरगी बोलली तेव्हा वाटलं, त्यालापण कुणीतरी सांगायला हवं की तू बरोबर वागलास. शहाण्यासारखा वागलास. अजूनही हातपाय कापतात माझे, पण दाखवते."

मी अर्ज लिहिला. नकला मिळतात त्या तळघरातल्या अभिलेख कक्षात, सोमवारी, अकरा ते एक. पहिल्या सोमवारी माझा गुडघा सुजला होता. दुसऱ्या सोमवारी मी म्हटलं, तिथे पाणी शिरलंय, धूळ-बुरशी असेल, पुढच्या वेळी जाऊ. खरं सांगते, पाणी वगैरे तेवढं काही शिरलं नव्हतं. मला त्या कागदाची भीती वाटली. वाटलं, मुलगा उलटला तर ही बाई उभी राहायची नाही. तुझ्या वतीने मी घाबरले. तुला विचारलंही नाही. तू म्हणालीस, "बरं, पुढच्या सोमवारी." त्या आठवड्यात शुक्रवारी तू गेलीस, झोपेत, कुणाला त्रास न देता, हेही तुझ्यासारखंच.

अर्ज माझ्या खणात आहे. नक्कल पक्षकाराला मिळते, नाहीतर त्याच्या वारसाला. म्हणजे आता ती तुझ्या मुलालाच मागावी लागेल, आणि त्यासाठी असं काही आहे हे त्याला आधी कुणीतरी सांगावं लागेल. त्याचा नंबर तुझ्या डायरीत आहे. दोनदा फिरवला. एकदा त्याने उचलला आणि म्हणाला, "कोण?" मी ठेवून दिला.